डाव्या हाताचं तिसरं बोट

फळ्यांवर तीनशे अठरा गणपती होते. फूटभर उंचीचे दोनशे शहाण्णव, दीड फुटाचे एकवीस आणि दारासमोर एकटा अडीच फुटाचा. अंगाचा रंग दोनशे सात मूर्तींना लागला होता, सोवळं-शेला एकशे चाळीस मूर्तींना, सोनेरी दागिने एकशे बारांना. डोळे एकीलाही नव्हते.

कोपऱ्यात कान्हूचा पाट होता. पाटाशेजारी तीन करवंट्या, चार कुंचले, फडक्याची घडी आणि दांडीला सुतळी गुंडाळलेलं भिंग. वरच्या भिंतीवर त्याच्या मुलाने, शिवाने, पांढऱ्या रंगाने आकडे लिहिले होते. १ जून २४८. ५ जून २३१. ९ जून २१९. १३ जून २०४. कोनाड्यात साखर मोजायचं मशीन आणि पट्ट्यांची डबी होती. डबीत सदतीस पट्ट्या.

मशीनशेजारी खिळ्याला पेणच्या डॉक्टरांची १३ जूनची चिठ्ठी टांगलेली होती. शिवाच्या बायकोने, चंद्रावतीने, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली होती. रोज सकाळी उपाशीपोटी तपासा. इन्सुलिनचं इंजेक्शन १४ युनिट. दोनशेच्या वर असेल तर दर दोन दिवसांनी दोन युनिट वाढवा. सलग तीन दिवस दोनशेच्या आत आली की मोतीबिंदूसाठी घेऊन या. खाली शिबिराची तारीख होती, ५ जुलै.

ते २०१४ साल होतं आणि गणपती २९ ऑगस्टला होते. कान्हू एकाहत्तर वर्षांचा होता. त्यातली एकोणसाठ वर्षं तो पेणजवळच्या जोहे गावात बसून गणपतीचे डोळे काढत होता. कारखान्यात याला आखणी म्हणतात. उजव्या डोळ्याने त्याला आता कुंचल्याची दोन टोकं दिसत. ५ जुलैला ऑपरेशन झालं असतं तर बारीक काम करायला निम्मा हंगाम हातात राहिला असता. नाही झालं तर आखणी पोपटकडे जाणार होती. हे शिवाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पोपट डोलवीच्या कंपनीतलं कंत्राट सुटलं म्हणून इथे रंगाची गन मारायला आला होता, आणि जेवणाच्या सुट्टीत तुटक्या मूर्तींवर डोळे काढून बघत होता.

१४ जूनला कान्हूने आखणी सुरू केली.

शाई तो स्वतः करी. दिव्याची काजळी, डिंकाचं पाणी आणि खडीसाखर. साखरेने रेघ तडकत नाही आणि डोळा ओला दिसतो. बाकीच्या कारखान्यांत बाटलीतला काळा रंग वापरत. पावसाळी हवेत शाई पहाटेच्या गारव्यातच नीट मळते, म्हणून तो चहाच्या आधी बसे. करवंटीत डाव्या हाताचं तिसरं बोट अर्धा तास फिरवायचं. मग ते बोट अंगठ्याला चिकटवून उघडायचं. बारीक चट् असा आवाज आला की शाई झाली. उजवा हात शाईत घालायचा नाही, तो कुंचल्याचा.

साडेसहाला चंद्रावती मशीन घेऊन आली.

"बोट द्या, आबा."

त्याने डावा हात पुढे केला. कुंचल्याच्या हाताला सुई तो टोचू देत नव्हता. डाव्या हाताची बाकीची बोटं माती-प्लास्टरने चामड्यासारखी झाली होती. तिसरं तेवढं मऊ होतं, म्हणून रोज तेच. चंद्रावतीने बोटावरची शाई फडक्याने पुसली, वर स्पिरिटचा कापूस फिरवला. बोट स्वच्छ दिसलं. सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. मशीनने पाचपासून उलटे आकडे मोजले.

"दोनशे एक्याण्णव," ती म्हणाली. "काल दोनशे चार व्हती. काय खाल्लंत?"

"काय नाय. चूळ बी भरली नाय अजून."

"मग रातीला खाल्लं असंल."

"भाकरीचा तुकडा दिलास तेवढाच. तूच दिलास ना?"

तिने चिठ्ठी वाचली, चौदा युनिट भरले आणि त्याच्या पोटात सुई घातली. शिवाने शिडीवर चढून २९१ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ३१८ आली. १७ तारखेला ३३४. सुईतलं औषध चौदावरून सोळा झालं, सोळावरून अठरा. चंद्रावती बारावी शिकलेली होती आणि चिठ्ठीबाहेर एक थेंब जात नव्हती. कमी-जास्त झालं तर बोल तिलाच लागला असता.

पोपट गनमध्ये रंग भरता भरता रोज भिंतीकडे बघे.

"आबा, आज तीनशे चौतीस! नाबाद?"

रंगकामाच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. कान्हूही पहिले दोन दिवस हसला. तिसऱ्या दिवशी हसला नाही, तेव्हा पोपट म्हणाला, "रागावले बघा. साखर वाढली का मानूस गोड व्हायला पायजे."

१९ तारखेला चंद्रावतीला मुंग्या दिसल्या. कान्हूच्या पाटाखालून निघून भिंतीच्या कडेने त्या दारापर्यंत गेल्या होत्या. तिने सासूला हाक मारली. धोंडुबाई शेल्याला काठ काढत होती. हातातला कुंचला तसाच घेऊन आली.

"बघा आई. सांगा आता, मुंग्या कशाला आल्यात हितं?"

"शाईला येतात गो," कान्हू म्हणाला. "दरसाल येतात."

"दरसाल शाई व्हती, पन तीनशे नव्हती," शिवा म्हणाला. "उठा. उठा बघू पाटावरनं."

कान्हू उठला. शिवाने पाट उलटा केला, फडकं झटकलं, करवंट्यांखाली पाहिलं. मग बापाच्या धोतराच्या निऱ्या आणि कमरेची गाठ चाचपली. बायका रंगाचे डबे ढवळत राहिल्या. गाठीत तंबाखू-चुन्याची रिकामी डबी निघाली आणि बोराएवढा खडीसाखरेचा खडा.

"ही शाईची," कान्हू म्हणाला. "तुझ्या आयशीनंच दिली. इचार तिला."

सगळे धोंडुबाईकडे बघू लागले. आठवड्याची खडीसाखर तीच कागदात बांधून देत असे. पन्नास वर्षं देत होती.

"दिली मीच," ती म्हणाली. "पन आठवड्याची दिली व्हती. शाईत किती जाते आन पोटात किती जाते, ते मी बघाया बसते का?"

त्या दिवसापासून गूळ, साखर आणि केळी ट्रंकेत गेली. किल्ली धोंडुबाईच्या गळ्यातल्या दोऱ्याला बांधली. दुपारच्या दोन भाकऱ्यांची एक झाली आणि भात बंद. पहाटे कान्हू शाईला बसला की धोंडुबाई समोर उकिडवी बसे. खडीसाखर पाट्यावर स्वतः वाटे, आणि एक कणसुद्धा त्याच्या हाती उरू नये म्हणून सगळीच्या सगळी करवंटीत ओते.

"इतकी नको गो. शाई चिकट व्हईल."

"व्हऊ दे. माझ्या डोळ्यांसमोर जाऊ दे सगळी."

शाई खरोखरच चिकट झाली. बोट अंगठ्यापासून सुटताना दोरा येऊ लागला. २१ तारखेला ३८९ आली आणि २३ तारखेला ४०२. औषध चोवीस युनिटांवर गेलं.

या दिवसांत कान्हू बदलला. सकाळी दहा-अकराच्या सुमारास त्याच्या कपाळावर घाम येई, पंखा चालू असला तरी. हात कापे. पापणीची रेघ त्याने एका दमात काढायची; ती आता दोन ठिकाणी तुटू लागली. भूक सहन होईना. एकदा तो जोरात ओरडला, "भाकरी द्या रं कोनी! कुत्र्याला तरी घालतात!" रंग करणाऱ्या बायजाबाईने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी उचलली, तेव्हा शिवा म्हणाला, "मावशे, त्याच्यावर दया करशील तर तोच आंधळा व्हईल. मग तू काढशील डोळे?" बायजाबाईने भाकरी परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

जेवल्यावर तासाभराने घाम जाई, हात स्थिर होई. हे धोंडुबाईने पाहिलं होतं. तिने त्याचा अर्थ असा लावला की जेवणाच्या गडबडीत तो काहीतरी चोरून तोंडात टाकतो, आणि मग निवांत होतो.

ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. आधी जेवताना गप्प, मग पहाटेही. साखर वाटायची, ओतायची, उठायचं.

"एकदा तोंडानं सांग तरी," तो म्हणाला. "तुला पन वाटतं मी खातो?"

"मशीन काय खोटं बोलतंय? त्याचं तुमचं काय वैर हाय?"

"आन माझं तुझं हाय?"

ती पाटा धुवायला निघून गेली.

२५ तारखेला शिवाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आता दहा दिवस उरले, साखर चारशे आहे, पेणला नेऊन उपयोग नाही. आखणी उद्यापासून पोपट शिकेल. आबांना रोह्याला शांतीकडे पाठवू. शांती म्हणजे शिवाची बहीण. तिच्याकडे दोन खोल्या होत्या आणि फॅक्टरीत शिफ्टला जाणारी चार माणसं.

कान्हू उठला. भिंतीला हात लावत दारासमोरच्या अडीच फुटी गणपतीपाशी गेला. मूर्तीच्या पायांवर त्याने उजवा हात ठेवला.

"याच्या पायाची शपथ. मी साखरेचा कन खाल्ला नाय. खाल्ला असंल तर उरलेली नजर जाऊ दे."

कारखान्यातले हात थांबले. पोपटने गनचा कॉम्प्रेसर बंद केला. धोंडुबाई जागेवरून बोलली.

"आंधळ्या देवापुढं शपथ घेता? त्याला काय दिसतंय? डोळे काढा आधी त्याचे, मग बोला."

जोह्यात आखणी झाल्याशिवाय मूर्तीला कोणी नमस्कार करत नाही. तोवर ती माती. हे कान्हूने स्वतःच दोन पिढ्यांना शिकवलं होतं.

"शाई आण," तो म्हणाला.

मोठ्या मूर्तीच्या डोळ्याला ताजी शाई लागते. ती त्याने तिथेच बसून मळली. धोंडुबाईने दोन खडे वाटून घातले. मग तो स्टुलावर बसला, भिंग डाव्या हातात धरलं, उजवा डोळा मिटला. वरची पापणी काढताना त्याने श्वास धरला. खालची पापणी, बुबुळ, बाहुली. हात कापला नाही. जेवून तास झाला होता. शेवटी बाहुलीत मोहरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका ठेवला, आधी उजव्या, मग डाव्या. एकूण बावन्न मिनिटं लागली. मूर्ती बघू लागली.

बायजाबाईने हात जोडले. पोपटनेही जोडले.

कान्हूने पुन्हा पायावर हात ठेवला आणि तेच शब्द उच्चारले. मग धोंडुबाईकडे वळला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघत होती.

"चंद्रे," ती म्हणाली, "आण मशीन. आता काय येतंय ते खरं."

"जेवण झालंय आई. जेवल्यावर वाढतेच थोडी."

"वाढू दे थोडी. आण."

चंद्रावतीने बोट फडक्याने पुसलं. स्पिरिटचा कापूस फिरवला. सुई टोचली. मशीनने पाचपासून उलटे आकडे मोजले.

चारशे सत्तेचाळीस.

धोंडुबाई उठली, मूर्तीसमोर गेली आणि तिने गणपतीच्या तोंडावरून ओलं फडकं टाकलं, डोळे झाकले जातील असं.

"देवाला बघाया लावलं तुमी," ती नवऱ्याला म्हणाली. "आता माझ्या हातचं पानी बी मागू नका."

शिवाने पेणला फोन लावला. डॉक्टर गावी गेले होते. कंपाउंडरने आकडा दोनदा विचारला आणि सांगितलं, सहा युनिट वाढवा. चंद्रावतीने चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं: तीस.

२६ तारखेला ४११ आली, तीस युनिट दिले. २७ तारखेला ३९८, तीस युनिट. रोह्याची गाडी २८ तारखेची ठरली होती. शेवटच्या दोन दिवसांत जेवढे होतील तेवढे डोळे करून द्या, असं शिवा म्हणाला. शाईची साखर आता चंद्रावती वाटून ठेवत होती. धोंडुबाई कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती, कान्हूकडे पाठ करून.

२७ तारखेला सकाळी कान्हूला चहा बिनसाखरेचा मिळाला आणि भाकरी एक. बाराला जेवण होतं, पण मुंबईचा टेम्पो आला आणि सगळे मूर्ती भरायला लागले.

बारा वाजून वीस मिनिटांनी कान्हूच्या हातून कुंचला पडला. तो त्याने उचलला नाही. शर्ट पाठीला चिकटला होता. ओठ हलत होते. त्याने मान फिरवून बायकोला शोधलं.

"गो... साखर दे."

धोंडुबाई वळली.

"काय म्हनालात?"

"साखर दे गो. वाईच. साखर."

पोपट टेम्पोच्या फळीवर उभा होता. तो ओरडला, "आली आली, तोंडातनं बाहेर आली!" बायका हसल्या. चंद्रावती हसली नाही. शिवा मूर्ती हातात धरून तिथेच थांबला.

धोंडुबाई नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "इतके दिवस नाय नाय करत व्हतात. देवाच्या पायाला हात लावलात. आता मागता? सगळ्यांसमोर मागता?"

कान्हूचा हात तिच्या गळ्यातल्या किल्लीकडे गेला. तिने तो झटकला. मग त्याने शाईची करवंटी दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाकडे नेली. धोंडुबाईने मनगटं पकडली. म्हातारा जोर करत होता. त्याचं डावं बोट शाईत बुडलेलं होतं, ते त्याने ओठांपर्यंत आणलं, हनुवटीवर काळा ओरखडा उठला. ती जास्त ताकदीची निघाली. करवंटी उलटली आणि शाई पाटावर सांडली. मुंग्या आधीच तिथे होत्या.

"विष बी खातील आता," ती म्हणाली आणि मग तिला रडू आलं.

कान्हू आडवा झाला. डोळे उघडे होते. हाक मारली तर ओ देत नव्हता. जबडा घट्ट मिटला होता.

"मशीन," शिवा म्हणाला.

चंद्रावतीने बोट फडक्याने पुसलं, स्पिरिटचा कापूस दोनदा फिरवला. चारशे अडुसष्ट.

"बेसुद्ध झाले साखरेनं," ती म्हणाली. तिने बाटली उलटी धरून दहा युनिट मोजून भरले, हवा काढली आणि पोटात दिले.

टेम्पोत सोळा मूर्ती भरून झाल्या होत्या. त्या एकेक करून उतरवायला अठरा मिनिटं लागली. गवताच्या पेंढीवर कान्हूला ठेवलं. पोपटने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. हमरापूरच्या फाट्यापासून पेणपर्यंत हायवेचं काम चालू होतं. एकाच बाजूने गाड्या सोडत होते. तोंडाला फेस आला तो धोंडुबाई पदराने पुसत राहिली. वाटेत तिने एकदाच विचारलं, "पानी देऊ का थोडं?"

पेणच्या दवाखान्यात ते पावणेदोनला पोचले. सिस्टरने नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली.

"डायबेटिस आहे? शेवटची किती होती?"

"चारशे अडुसष्ट," चंद्रावती म्हणाली आणि तिने मशीन पुढे केलं. "दीड तास झाला. तीस सकाळी दिलं, दहा नंतर. सगळं चिठ्ठीवर हाय."

सिस्टरने कान्हूचा डावा हात उचलला. तिचा हातमोजा त्याच्या बोटाला चिकटला. तिने तो सोडवून घेतला आणि आपल्या हातमोज्याकडे पाहिलं.

"हे काय आहे बोटाला?"

"शाई," धोंडुबाई म्हणाली. "आखणीची. ते गणपतीचे डोळे काढतात."

"एवढी चिकट? कशाची असते?"

"काजळी. डिंक." धोंडुबाई थांबली. "खडीसाखर."

"रोज याच बोटाचं रक्त घेता?"

"व्हय."

"हात धुवून?"

"स्पिरिट लावते," चंद्रावती म्हणाली. "रोज लावते. आज दोनदा लावलं."

"स्पिरिटने साखर निघत नाही," सिस्टर म्हणाली. "पाण्याने निघते."

तिने आतल्या डॉक्टरांना जोरात हाक मारली. बेसिनमधून मगभर पाणी आणून डावं बोट साबणाने धुतलं, पुन्हा धुतलं, गॉजने कोरडं केलं. पाणी काळं होऊन फरशीवर गेलं. चंद्रावतीने डबी उघडली. आत एकवीस पट्ट्या होत्या. तेच मशीन, तेच बोट. सिस्टरने सुई टोचली आणि थेंब पट्टीला लावला. धोंडुबाई किल्ली मुठीत धरून उभी होती. मशीनने पाचपासून उलटे आकडे मोजले.

बावीस.